दोन वेळचं पाणी

परसातलं तळं दोन अतिसभ्य माणसांच्या हवाली करून लेक आणि जावई तीन आठवड्यांसाठी परगावी गेले, आणि तिथेच घोळ झाला. दोघांतलं एक जरी माणूस थोडं उद्धट असतं, तरी मासे सुखात राहिले असते.

ही दोन माणसं म्हणजे लेकीचे वडील आणि लेकीची सासू, नात्याने व्याही आणि विहीण. व्याही वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. विहीणबाई मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या आणि त्यांच्या पावलांचा आवाज आला की वॉर्डातले पेशंटसुद्धा नीट झोपत, असं त्यांचा मुलगा सांगे. घरात मात्र त्यांचा आवाज कधी चढत नसे, निदान व्याहींसमोर तरी नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्याही 'चार दिवस' म्हणून लेकीकडे आले, त्याला पाच महिने होऊन गेले होते. गुडघा केव्हाच बरा झाला होता. जाताना लेक म्हणाली, "बाबा, आता इथेच राहा ना कायमचे." ते म्हणाले, "बघू."

खरं तर त्यांना राहायचं होतं, अगदी मनापासून राहायचं होतं. आपल्या घरी त्यांना बोलायला भिंतींशिवाय कोणी उरलं नव्हतं. पण हे घर जितकं लेकीचं तितकंच विहीणबाईंचं, आणि विहीणबाईंच्या मनाचा थांगपत्ता लागत नव्हता. "राहा की, तुमचंच घर आहे," असं त्या म्हणत. पण त्या वाक्यात अगत्य किती आणि भीड किती, हे मोजायला खात्याने काही तराजू दिला नव्हता. दोघंही एकमेकांना इतके जपत की डब्यातलं शेवटचं बिस्किट सादळून जाई, पण कोणी उचलत नसे. संध्याकाळी दोघं टीव्हीवर एक रडकी मालिका बघत. व्याहींना ती बघवत नसे. विहीणबाईंना आवडते म्हणून ते बसत. विहीणबाईही नेमक्या याच कारणासाठी बसत.

तळं म्हणजे आठ फूट लांब, पाच फूट रुंद सिमेंटचा हौद. त्यात पाणवनस्पतींच्या कुंड्या, कडेला हवेचा छोटा पंप आणि नऊ मासे. सगळ्यांत थोराड, नारिंगी माशाला घरात 'साहेब' म्हणत, कारण बाकीच्यांचं खाऊन होईपर्यंत तो खायला वर येत नसे. तळ्यासाठी लेकीने स्वतः खणलं होतं, स्वतः गिलावा केला होता. जाण्याआधी तिने दोघांना समोर बसवून सांगितलं, "पाण्याचा पीएच तेवढा बघायचा, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की क्षाराकडे ते. नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा. सातच्या खाली नको, साडेआठच्या वर नको. बाबा, तुम्ही सकाळी बघा. आई, तुम्ही संध्याकाळी. आकडा वहीत लिहा."

व्याहींनी मनाशी ठरवून टाकलं: मासे नीट सांभाळायचे आणि लेक आली की राहण्याचा विषय आपणच काढायचा. माशांना काही झालं, तर मात्र कुठल्या तोंडाने विचारणार?

पहिल्या सकाळी नळीत पिवळट हिरवा रंग आला. सहा पूर्णांक आठ. त्यांनी तसं लिहिलं. दुसऱ्या सकाळी वही उघडली तर खाली विहीणबाईंच्या टपोऱ्या अक्षरात आदल्या संध्याकाळचा आकडा होता: आठ पूर्णांक आठ. व्याही चमकले. त्यांनी पुन्हा पाणी तपासलं. पुन्हा पिवळट हिरवं. म्हणजे बाईंना रंग नीट दिसत नाहीत. बिचाऱ्या! पण हे त्यांना सांगायचं कसं? आपण परत सहा पूर्णांक आठ लिहिलं, तर त्यांना तोंडावर खोटं पाडल्यासारखं होईल.

तेव्हा, दहा ग्रॅमच्या फरकासाठी भल्याभल्यांचे तराजू जप्त करणाऱ्या या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला: साडेसात. मग लिहिलेला आकडा निदान खरा व्हावा म्हणून लाल बादलीत दोन चमचे खायचा सोडा विरघळवला आणि गुपचूप तळ्यात ओतला.

त्या संध्याकाळी विहीणबाईंनीही सात पूर्णांक सहा लिहिलं. व्याहींना वाटलं, सोडा लागू पडला आणि बाईंचे डोळेही सुधारले. सकाळी नळी मात्र पिवळटच. मग तीन चमचे, मग चार. वहीत साडेसात, सात पूर्णांक सहा, साडेसात अशी छान ओळ लागत गेली. लेकीने फोनवर वहीचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "माझ्याहून तुम्हीच बरे!" दोघंही लाजले.

वही अशी बाळसं धरत होती आणि मासे रोडावत होते.

बाराव्या सकाळी व्याही परसात आले तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. साहेब कोपऱ्यात एका अंगावर कलला होता. गुडघा विसरून व्याही आत धावले, सोड्याचा पुडा आणला, लाल बादली ओढली आणि अर्धा पुडा तीत रिकामा केला.

बादली फसफसून उतू गेली. पांढरा फेस त्यांच्या चपलांवरून वाहिला आणि आंबट वास नाकात शिरला.

"व्याहीबुवा!" मागून आवाज आला. पाच महिन्यांत न ऐकलेला, थेट वॉर्डातला आवाज होता तो. "काय टाकलंत त्यात?"

"सोडा. पण आधी त्यात होतं काय?"

दारात उभ्या विहीणबाईंच्या हातात व्हिनेगरची बाटली होती. मासे तडफडताना त्यांनाही खिडकीतून दिसले होते, आणि बाटली शोधायला त्या आत गेल्या होत्या. बादलीच्या तळाशी त्यांचंच कालचं उरलेलं व्हिनेगर होतं.

"रोज संध्याकाळी पाणी निळंशार येतं हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला रंग दिसत नाहीत. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी आपलं साडेसातच्या आसपास..."

"मला वाटलं तुम्हाला दिसत नाहीत."

"अहो, पण वजनमापांचे इन्स्पेक्टर ना तुम्ही? खोटं लिहिलंत?"

"आणि मेट्रनबाईंचा चार्ट?"

विहीणबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"माझ्या वॉर्डात कोणी असा चार्ट भरला असता, तर उभ्या उभ्या घरी पाठवलं असतं मी त्याला," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हालाही आणि मलाही. पण मग यांच्याकडे कोण बघणार? फोन लावा त्या दुकानदाराला."

माशांचा दुकानदार सगळं ऐकून आधी मनसोक्त हसला. मग त्याने समजावलं. अंधारात मासे आणि वनस्पती दोन्ही श्वासातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात, त्याने पहाटे पाणी आम्लाकडे झुकतं. दिवसभर उन्हात वनस्पती तोच वायू शोषून घेतात, म्हणून संध्याकाळी ते क्षाराकडे जातं. "तुम्ही दोघंही बरोबर होतात. चूक फक्त औषधाची. आता सोडा बंद, व्हिनेगर बंद. पिंपात साठवून ठेवलेलं पाणी असेल तर पाव तळं बदला, हळूहळू. पंप मोठा करा. शिंपल्यांचा चुरा देतो, तो जाळीच्या पिशवीत घालून सोडा. त्याने पाणी फार हेलकावे खात नाही."

मग दिवसभर परसात जो कालवा झाला, तो त्या घराने कधी ऐकला नव्हता.

"हळू ओता, हळू! मासे आहेत ते, भांडी नाहीत," विहीणबाई ओरडल्या.

"तुम्ही बादली काठोकाठ भरून देता आणि वर मलाच सांगता?"

"मग म्हणायचं ना कमी भरा म्हणून! तोंड कशाला दिलंय देवाने?"

संध्याकाळी दोघांनी एकाच नळीवर डोकी टेकवली. निळा. आठ पूर्णांक सहा. तसंच लिहिलं. सकाळी परत दोघं. हिरवा, सात. तसंच लिहिलं. वही कुरूप दिसू लागली आणि मासे खाली जाऊन पोहू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब सरळ झाला. तिसऱ्या दिवशी बाकीच्यांचं आटोपल्यावर तो सावकाश वर आला आणि त्याने दोन दाणे गिळले, तेव्हा कुठे व्याहींचा जीव भांड्यात पडला. नऊच्या नऊ मासे वाचले होते.

मागच्या पायरीवर दोघं चहा घेत बसले. ऊन पाण्यावर आलं होतं.

"एक विचारू?" विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला इथे राहायचंय का? हो किंवा नाही. 'बघू' म्हणालात तर बघा."

व्याहींच्या तोंडावर 'तुमची अडचण होणार नसेल तर' आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

"हो," ते म्हणाले. "राहायचंय. आणि तुम्हाला चालणार आहे का? खरा आकडा सांगा."

"चालेल. पण पाच महिने मी तुमचा कप विसळतेय, पाहुणे म्हणून. माझी कंबर गेली. आजपासून आपापला कप आपण विसळायचा."

व्याहींना मनापासून आनंद झाला. ते उठले, परसातल्या नळाखाली त्यांनी कप धरला, मन लावून विसळला आणि पालथा घालण्याआधी विहीणबाईंना दाखवला.

विहीणबाईंनी तो उजेडात धरून पाहिला.

"तळाशी चहा राहिलाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा."

व्याहींनी तो पुन्हा विसळला.