भोरड्या उतरल्याबिगर

आमच्या आण्णाला हट्टी म्हणलं तर हट्टालाच वाईट वाटंल. माझा थोरला भाऊ हाय तो. साखरेनं पाय चिघळलाय, डोळ्यांम्होरं अंधारी येती, करमाळ्याच्या डॉक्टरनं बी हात टेकलं. पोरगा अजिनाथ पुण्यात कंपनीत हाय. तो दिवाळीपासनं मागं लागला होता, चला तिकडं, मोठ्या दवाखान्यात दाखवू, आता तितंच राहायचं. वस्तीवरचं रान त्यानं उसाला वाट्यानं दिऊन बी टाकलं. आण्णा समदं ऐकून घ्यायचा आणि शेवटाला एकच म्हणायचा, "येतो की. पर भोरड्या उतरल्याबिगर न्हाय."

भोरडी म्हंजी साळुंकीच्या जातीचं पाखरू. काळं डोस्कं, गुलाबी अंग. थंडीत कुटल्या कुटल्या मुलखातनं हजारानं येत्यात आणि ज्वारीवर पडत्यात. जिकडं तिकडं ऊस झाल्यापासनं आमच्या शिवारात मातर उतरत न्हाईत. वरच्या वर जात्यात. म्हणून आण्णानं विहिरीकडचा तुकडा उसाला दिऊ दिला न्हाय आणि पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून तितं सवता मालदांडी ज्वारी पेरली. गाव हसलं. जन्मभर ज्यांना दगडं मारली, त्यांनाच म्हातारा जेवाय बोलावतोय म्हणलं. मी बी चार शिव्या हासडल्या, पाण्यात पाय सडवतोस काय मेल्या म्हणून.

पर खरं सांगू का, ज्वारी निसवली, कणसं भाईर पडली तसा माझा बी जीव वरखाली व्हायला लागला. आमचं अख्खं लहानपण त्या पाखरांमागं गेलं की. चार मेढी रोवून बांधलेला माळा, त्याच्यावर आण्णा गोफण घिऊन उभा, आणि म्या खाली बांधावर मोडका डबा बडवत. दिस उगवला की थवा यायचा. रानावर सावली फिरायची. मागची पाखरं पुढच्यांच्या डोस्क्यावरनं उडून म्होरं बसायची, आणि असा अख्खा थवा लोळत लोळत कणसं फोडत जायचा. आमी बोंबलून बोंबलून घसा बसवायचो. सांजच्याला आई गरम पाण्यात गूळ घालून द्यायची. तसलं गोड पाणी पुन्हा कवा प्यायला न्हाय मिळालं.

एकदा थवा आल्या आल्याच आण्णाच्या गोफणीनं एक भोरडी पडली. उचलली तर हातात वजनच न्हाय. छातीचं हाडूक सुरीवानी लागत होतं. म्या रडले. मग आठवड्यानं दुसरी सापडली, ती लोण्याच्या गोळ्यावानी मऊ आणि जड. आबा, आमचं वडील, म्हणले, पोरी, ही पाखरं हितं नुसती पोट भरत न्हाईत, पुढच्या वाटंची भाकरी अंगात बांधून घेत्यात. दाणं खात्यात, नाकतोडं खात्यात, अंग भरलं की निघत्यात. ती आपली न्हाईत, वाटसरू हाईत. असं म्हणून बी आबांनी दुसऱ्या दिवशी आमाला पहाटंच माळ्यावर धाडलं. वाटसरू असला तरी ज्वारी आमची होती.

आता माझं सांगते. मालक गेल्यावर म्या माहेरीच आले, आण्णाच्या वस्तीवर. वहिनी गेली तशी भाकरी मीच थापते. अजिनाथ मला बी चल म्हणाला, न्हाय कसं, पर त्याची बायको रुपाली तवा फोनमधी बघत होती. दोन खोल्यांत तिनं तरी किती माणसं कोंबायची? म्या म्हणलं, माझी शेरडं काय तुझ्या जिन्यात बांधू का. विषय तितंच मिटला. आण्णा गेला की या वस्तीवर म्या आणि शेरडं. भांडायला बी कुणी न्हाय.

त्याचा पाय रोज माझ्याच हातानं धुती म्या. जखम कशी वाढती ते मला दिसत होतं. तरी बी रोज सकाळी आभाळ मोकळं बघून बरं वाटायचं. करमाळ्याच्या आई कमळाभवानीला म्या हात जोडून म्हणायचे, औंदाचं वरीस पाखरं दुसरीकडनं ने गं बाई. असलं मागणं कुणी मागतं का? म्या मागितलं.

संक्रांत झाली. कणसं हुरड्याला आली. त्या दिवशी आमी दोघं बांधावर बसलो होतो, म्या परातीत शेंगा सोलत होते. आधी आवाज आला. आण्णानं मान वर केली, त्याला धड दिसत न्हवतं, तरी तोंड हसाय लागलं. मग थवा विहिरीवरनं वळला, खाली आला, पहिली पाखरं कणसावर बसली सुदीक.

आणि म्या उठले. परात वाजवत, लुगडं सावरत, बोंबलत रानात घुसले. "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ हुर्रर्र!" एवढा आवाज माझ्यात हाय हे मला बी ठावं न्हवतं. समदा थवा भर्रकन उठला आणि उसापल्याड गेला.

माघारी आले तर आण्णा रागावला असंल वाटलं. तो नुसता बसला होता.

"केरे," माझं नाव घिऊन म्हणला, "आता ह्यात काय राखायचं ऱ्हायलंय गं? कुणासाठी राखतीस?"

"तुला राखतीय," म्या म्हणलं, आणि त्याच्या शेजारी बसले. लई रडले. साठी उलटलेली बाई म्या, लेकरावानी रडले. त्यानं माझ्या डोस्क्यावर हात ठिवला.

भुकेलं पाखरू लांब जात न्हाय. थवा उसावरनं फिरून परत आला, भीत भीत तुकड्यावर घिरट्या घालाय लागला. माझा हात आपसूक परातीकडं गेला. आण्णानं तो धरला.

"खाऊ दे, केरे. त्यांना लांब जायचंय."

म्या परात पालथी घातली आणि तिच्यावरच बसले. तोंडात पदर कोंबला, न जाणो पुन्हा वरडले तर. भोरड्या उतरल्या. कणसं फुटत होती, त्यांचा कलकलाट चालला होता, आणि ज्यांना म्या उभ्या जन्मात एक दाणा सुखानं खाऊ दिला न्हवता, त्यांना जेवताना पयल्यांदा डोळं भरून बघितलं. काय देखणी पाखरं हो! आण्णा विचारत होता, कुटवर आल्या, गुलाबी दिसत्यात का, आणि म्या त्याला समदं सांगत होते.

दिस कलला तशी म्या उठले. घरात जाऊन फोन घेतला, अजिनाथला लावला, आणि म्हणलं, "भोरड्या उतरल्या रं. उद्या गाडी घिऊन ये."