डोक्याच्या पाळीला पाझर

केशोरीच्या चहूकडे वीस कोसांत मनिरामच्या डोक्याइतकं मोलाचं डोकं दुसरं नव्हतं. आणि हे खुद्द मनिरामचंच मत असल्यामुळे त्यावर वाद व्हायचं कारण नव्हतं. कोहळी जातीतल्या त्याच्या घराण्यानं सात पिढ्या तलाव बांधले. पाणी कुठं थांबेल नि कुठून पळेल, हे तो जमिनीवर उकिडवा बसून सांगायचा. एवढंच, की एकोणीसशे पंचावन्न सालापासून त्या डोक्यातला तळहाताएवढा भाग कवळीच्या प्लॅस्टिकचा होता.

तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायच्या तोंडाशी दगड बसवताना दोर तुटला आणि दगड मनिरामच्या उजव्या कानाच्या वर येऊन बसला. नागपूरच्या डॉक्टरांनी हाडाचे तुकडे काढले आणि सहा महिन्यांनी खिंडार बुजवलं.

"टँटेलम नावाचा धातू असतो," ते म्हणाले होते, "पण तो इथं मिळायची मारामार. मिळाला तरी उन्हात तापतो, आणि तुम्ही दिवसभर उन्हात. म्हणून हे अ‍ॅक्रिलिक. कवळ्या करतात ना, तेच. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी तुमच्या मापानं ओतून दिलंय."

मनिरामनं मान हलवली, विश्वास मात्र ठेवला नाही. माणूस इतकं समजावून सांगतो, म्हणजे नक्की काहीतरी लपवतो. काय लपवलं, ते त्याला परतीच्या गाडीत सापडलं. आपलं जुनं हाड कुठं गेलं?

"ठेवून घेतलं असंल, भाऊजी," त्याचा साळा चैतराम म्हणाला. काही ठाऊक नसलं की चैतराम फार ठामपणे बोलायचा.

माघात सरकारी ओवरसियर मोजणीची साखळी घेऊन गावात आला. नव्या तलावाची पाळ त्यानं नेमकी तिथं आखली, जिथं मनिरामनं मनातल्या मनात आखली होती. कुणाला बोलला नव्हता.

"पाहून राहिला का?" तो चैतरामला म्हणाला. "माही अक्कल माह्या हाडातून काढून राहिले."

त्याच जागी गावच्या म्हशी उन्हाळाभर चिखलात बसत. ओवरसियरनं त्या पाहिल्या असतील, हे मनिरामच्या डोक्यात आलं नाही. म्हशींवर संशय घ्यायची पाळी अजून आली नव्हती.

चैतात वण ठणकू लागला. रोज सकाळी पटका उजव्या अंगानं ओला.

"काय ओतून राहिली व माह्या डोक्यावर?" त्यानं बायकोला, रुख्माला, विचारलं.

"ओताले तेल कुठं हाय घरात?" रुख्मा म्हणाली.

मग ती आणि चैतराम गोठ्यामागं कुजबुजताना दिसले. 'सोमवारी' एवढं ऐकू आलं, आणि 'त्याहिले सांगू नोको'. त्या दिवसापासून रुख्मानं आधी खाल्ल्याशिवाय मनिराम घास घेईना. तिला खालचे चार दात नव्हते. तिचं चावून होईस्तोवर त्याचा भात निवून जायचा. तरी ताप आलाच. म्हणजे विष तिला चालतं आणि आपल्याला चालत नाही, असा त्यानं हिशेब लावला.

शेवटी रुख्मा त्याच्यासमोर येऊन बसली.

"आयका. चैतात पाळीच्या मांगं ओल दिसली तं काय समजता तुमी?"

सवाल धंद्याचा होता; त्याला उत्तर देणं भाग होतं. "पाऊस नाई, वरून कोनी ओतलं नाई. म्हंजे आतून पाझर हाय."

"कायले होते तसा?"

"ठिगळाच्या मातीनं जुन्या मातीले धरलं नाई, का मधातून वाट होते."

"मंग वरून लिपून घेता?"

"येडी हायेस का? लिपून आतमधी सडते, अन् पहिल्या पुरात पुरी पाळ जाते. ठिगळ उपसून फेकाचं. जागा सुकू द्याची. मंग नवी माती."

रुख्मानं त्याचा पटका सोडला आणि त्याच्या हातात ठेवला. ओल होती. पिवळी, वासाची.

मनिरामनं पटका नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"सोमवारी काय हाय?"

"नागपूर. टेसनापर्यंत चैतराम बैलबंडी आनून राहिला. तुमाले सांगतलं असतं तं तुमी झाडावर चढून बसले असते."

"सोमवार कायले? आजच जुपाले सांग."

नागपुरात डॉक्टरांनी वण उघडला. अ‍ॅक्रिलिकच्या प्लेटीखाली पू साचला होता. त्यांनी ती काढली आणि पेनिसिलिन सुरू केलं. आठ दिवसांनी ताप उतरला, तेव्हा ते खाटेशी आले.

"परकी वस्तू ती. जंतू तिच्यावर घर करतात, औषध तिथं पोचत नाही. आता वर्षभर ती जागा रिकामीच ठेवू. डोकं जपायचं, दगडांच्या वाटेला जायचं नाही. मग नवी बसवू."

"बराबर हाय," मनिराम म्हणाला. "आमीबी असंच करतो." मग डोळे बारीक करून त्यानं विचारलं, "अन् माहं जुनं हाड?"

"त्याचा चुरा झाला होता, मातीनं भरलेला. टाकून दिला."

मनिरामचं तोंड उतरलं. ठेवून घेण्यासारखं त्यात काही निघालं नाही, हे त्याला चोरीपेक्षा जास्त लागलं.

खाटेजवळ इनॅमलच्या ताटलीत धुतलेली प्लेट होती, गुलाबी, जराशी वाकलेली. मनिरामनं ती उलटून पाहिली, नखानं टोकरून पाहिली. रुख्मा बाहेर व्हरांड्यात आहे याची खात्री केली आणि डॉक्टरांना खुणेनं जवळ बोलावलं.

"सायेब, हे कवळीचंच हाय ना, नक्की?"

"हो, नक्की."

"मंग फेकता कायले? आमच्या घरच्याईले खालचे चार दात नाई जी. तेवढे यातून करून द्या."