अकरा मिनिटे, ठकठकीसकट

“हे माझं नाही,” रोस्विता म्हणाली, आणि गिऱ्हाइकाने खिडकी वाजवली म्हणून उठली.

टपरीच्या मागच्या खोलीत बिअरच्या रिकाम्या क्रेटवर बसलेला रेकॉर्ड कंपनीचा लेनार्ट फॉस तिच्या पाठीकडे बघत राहिला. कोलोनहून दोन गाड्या बदलून तो आला होता आणि नमुन्याच्या दोन तबकड्या पोटाशी धरून आणल्या होत्या. एकीवर रोस्विताने वाजवून, टेप करून पाठवलेले चार तुकडे जसेच्या तसे होते: एकूण अकरा मिनिटे, दुसरी बाजू कोरी. दुसरीवर तेच तुकडे संगणकावर ताणून चाळीस मिनिटांचे केलेले. तिने आत्ताच वाजवून, ऐकून नाकारली ती ही दुसरी.

जर्मनीतल्या हेर्ने शहरातली ही टपरी रोस्विता पिओंतेक एकतीस वर्षे चालवत होती. वर्तमानपत्रे, सिगारेटी, बिअर, मुलांसाठी सुट्या गोळ्या. मागे फ्रिजला खेटून एक जुना सिंथेसायझर होता. गिऱ्हाईक नसले की ती त्यावर एक सूर धरून बसायची, हळूहळू त्यात दुसरा मिसळायची. ठेका नाही, चाल नाही. खिडकी वाजली की सूर सोडायचा आणि उठायचे. त्यामुळे तिचा प्रत्येक तुकडा दोन गिऱ्हाइकांमधल्या वेळाएवढा असे आणि ठकठकीवर संपे. एकसष्टाव्या वर्षी कोणीतरी त्याची रेकॉर्ड काढायला निघाले होते आणि ती तिला हवी होती. इतकी हवी होती की महिनाभर तिच्या हातून सुटे पैसे चुकत होते.

खिडकीशी अल्फ्रेड सोबोटा होता, खाणीतला निवृत्त कामगार, रोजचा.

“काय गं रोझी, तुझा फ्रिज आज जास्तच कण्हतोय. दुरुस्त कर की एकदाचा.”

“तो फ्रिज नव्हे, अल्फ्रेड. ते मी वाजवते.”

अल्फ्रेडने टोपी मागे सरकवली. “इतकी वर्षं? आणि मी आपला तुला मेकॅनिकचा नंबर देतोय.”

“चारदा दिलास.”

त्याला कपाटातली, गार न केलेली बाटली देऊन ती आत आली. लेनार्टने तोवर विचार करून ठेवला होता.

“पिओंतेक बाई, ताणलेलं नाही आवडलं ना? मग आत्ता नवीन वाजवा. मोठं वाजवा. खिडकी मी सांभाळतो. कोणी उठवणार नाही तुम्हाला.”

असे तिला आजवर कोणी म्हटले नव्हते. ती बसली. पहिले मिनिट छान गेले. मग बाहेरून लेनार्टचा आवाज आला, “गोळ्या सगळ्या मिसळून देऊ का?” आणि एका मुलीचा, “काळ्या नकोत मला, एकेक मोजून घेते मी.” त्यानंतर अल्फ्रेडचा, “अरे बाबा, ही गार आहे. माझं अर्धं पोट कापलंय, विचार तिला.”

हात पट्ट्यांवर होते, कान खिडकीकडे. थांबवणारे कोणी नव्हते, म्हणून सूर चालूच राहिला, निघता निघत नसलेल्या पाहुण्यासारखा. तिला त्याचा कंटाळा आला. स्वतःच्या सुराचा कंटाळा येण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्याचा तिला रागही आला. तिने बटण बंद केले आणि बाहेर आली.

“अकरा मिनिटं. आहे तशी काढ.”

“बाई, एवढीशी रेकॉर्ड दुकानदार ठेवत नाहीत. आणि त्या ठकठकी. लोकांना वाटेल, तबकडीच खराब आहे. निदान त्या तरी काढू द्या.”

“तुला माहितेय का त्या कोणाच्या आहेत? पहिल्याच्या शेवटी पोस्टमन आहे, तो नाणं आपटतो. दुसऱ्याच्या शेवटी एल्फ्रीडे सोबोटा, अल्फ्रेडची बायको, अंगठीनं, दोनदा. ईस्टरच्या आधी गेली ती. मी अर्धवट टाकून उठले नव्हते, पोरा. मी तिला सिगारेटी द्यायला उठले होते. तुकडा तिथं पुरा होतो. पुढचं तुझं सगळं पाणी घातलेली बिअर.”

लेनार्टने सही न झालेल्या करारपत्राची घडी घातली. “मग आमच्याकडून नाही निघणार. वाईट वाटतंय मला.”

“मलाही वाटतंय. फार वाटतंय. पण नाही म्हणजे नाही.”

करारपत्र आणि ताणलेली तबकडी तिने स्वतःच्या हाताने त्याच्या पिशवीत घातली. अकरा मिनिटांची तबकडी त्याने फळीवरच राहू दिली. “मला आधी आवडली होती ती हीच,” तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता ट्रामच्या दिशेने गेला.

अल्फ्रेड अजून खिडकीशीच होता.

“एल्फ्रीडे आहे त्यात?”

“आहे.”

“लाव.”

“सगळी ऐकावी लागेल. मधूनच नाही लावणार मी.”

“बरं बाई. सगळी लाव.”

तिने मागच्या खोलीतला जुना रेकॉर्डप्लेयर आणून खिडकीत मांडला. पाच वाजले होते, कामावरून सुटलेली माणसे यायला लागली होती. “आत्ता काही मिळणार नाही,” रोस्विताने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, “अकरा मिनिटं थांबायचं. नाही तर पुढच्या टपरीवर जा.” आणि सुई टेकवली.

दोघे गेले. बाकीचे कुरकुरत थांबले. पहिल्या तुकड्याच्या शेवटी काचेवर नाणे वाजले तेव्हा पुढे उभी असलेली नर्स दचकली. “मी नाही हं वाजवलं,” ती म्हणाली आणि लोक हसले. दुसरा तुकडा लागताच अल्फ्रेडने टोपी काढून हातात घेतली. हसणाऱ्यांनी ते पाहिले आणि ते गप्प झाले. अंगठी दोनदा वाजली. अल्फ्रेडने मान हलवली आणि टोपी तशीच छातीशी धरून तिसऱ्यासाठी उभा राहिला.

चौथा तुकडा संपला तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. तबकडी नुसतीच फिरत होती. कोणी पुढे सरकले नाही, कोणी काही मागितले नाही. शेवटी रोस्वितानेच सुई उचलली, हात एप्रनला पुसले आणि विचारले, “हं, पहिलं कोण होतं?”