ट्रोम्सोचे नऊ तास

लातूरच्या औसा रोडवरच्या टूर कंपनीत दर गुरुवारी साडेअकराला उदगीरचे माणिकप्पा हलकुडे हजर झाले, की काउंटरवरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. माणूस सत्तरीचा, चाळीस वर्षं भुसाराची अडत चालवलेला, धोतर सोडून हल्लीच पॅन्टवर आलेला. उत्तर ध्रुवाकडं जाणाऱ्या बोटीच्या सहलीत अशा माणसानं नाव घालावं, हेच मुळी कुणाच्या पचनी पडत नव्हतं. त्यातून त्यांचा प्रश्न एकच, आणि तोही दर आठवड्याला तोच. बोट ट्रोम्सोला किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते?

"सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, काका," विशाखा सांगे. "नऊ तास. तुम्हाला पाठ झालंय आता."

"हाव. तरी एकदा बघ."

विशाखा बघत असे. ती मूळची बिलोलीची, आणि वडिलांच्या वयाच्या माणसाला उडवून लावणं तिला कधी जमलं नव्हतं. सहलीतल्या बावीस जणांचे बंदरावरचे कार्यक्रम ठरवणं हे तिचं काम होतं. बोट एखाद्या गावाला लागली की तेवढ्या तासांत उतरून काय पाहायचं, ते आधीच लिहून द्यावं लागतं. माणिकप्पा आणि त्यांची बायको सोडून बाकीच्या वीस जणांनी तिला नुसतं पिदवलं होतं. एका डॉक्टरीणबाईंना कुत्र्यांच्या गाडीत बसायचं होतं, पण कुत्र्यांपासून लांब. एका शिकवणीवाल्या प्रोफेसरांना बर्फाच्या कड्यावर भाकरी-ठेचा खातानाचा फोटो हवा होता. एका सासूबाईंनी तर, तिकडं सूर्य मावळतच नाही तर सोमवारचा उपास सोडायचा कधी, असं विचारून तिला पार निरुत्तर केलं होतं. माणिकप्पांच्या कागदावर मात्र सगळ्या गावांपुढं रेघ होती आणि एका ट्रोम्सोपुढं लिहिलं होतं, स्वतःचं काम.

ते काम काय, हे विशाखाला माहीत होतं. ट्रोम्सोच्या बंदरापासून अकरा किलोमीटरवर एक दफनभूमी होती आणि तिथं त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

रुद्रेश तिकडं एका मासळीच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. गळ्यात लिंग बांधलेल्या घरातला पोरगा मासळीच्या कंपनीत, म्हणून माणिकप्पा पाहुण्यारावळ्यांत ती बर्फाची कंपनी असल्याचं सांगत. दोन हजार वीसच्या एप्रिलात तो आठ दिवसांच्या आजारानं गेला. एकतीस वर्षांचा होता. तेव्हा विमानं बंद, रेल्वे बंद, उदगीरच्या चौकात दोन माणसं उभी राहिली तरी पोलीस काठी उगारायचे. अशात एका सकाळी फोन आला. रुद्रेशच्या सोबत काम करणारा हैदराबादचा पोरगा रडत रडत हिंदीत बोलत होता. इथं जास्त दिवस ठेवता येत नाही, चाचा, लगेच सांगायचंय. जाळायचं की पुरायचं?

आत त्यांची बायको कमलम्मा पूजेला बसली होती. तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिला हाक मारावी असं माणिकप्पांच्या मनात आलं, आणि हाक मारायचं धाडस झालं नाही. मग जे बापजाद्यांपासून माहीत होतं तेच ते बोलून गेले.

"आमच्यात जाळत न्हाईत. पुरा."

बोलण्यात चूक काहीच नव्हती. कुठल्याही जाणत्या माणसानं तेच सांगितलं असतं. पण त्याच साली पावसाळ्यात गल्लीतल्या मारवाड्याचा भाचा जर्मनीहून आला, म्हणजे त्याची राख आली, पत्र्याच्या सीलबंद डब्यात, व्यवस्थित नावपत्त्यासह. दारावरून तो डबा नेताना कमलम्मानं पाहिला. त्या दिवशी जेवताना ती एवढंच म्हणाली, "जाळलं असतं तर राख तरी घरी आली असती." पाच वर्षांत पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. रोज भांडली असती तर माणिकप्पांना सोसलं असतं. ती भांडली नाही, आणि ते आतून खंगत गेले.

तिचं दुःख आणखी एका गोष्टीचं होतं. त्यांच्यात माणसाला मातीत बसवतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात देतात. जन्मल्यावर जंगमस्वामींनी बांधलेलं ते, सोबत जायचंच. रुद्रेश परदेशी जाताना ते आईकडं ठेवून गेला होता, तिकडं हरवलं-बिरवलं तर म्हणून. त्यामुळं तो तिकडं पेटीत आडवा झोपला होता, रिकाम्या हातानं, आणि इथं कमलम्मा रोज दोन लिंगांची पूजा करत होती, एक स्वतःचं आणि एक लेकाचं.

व्हिसासाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही परत आले. कुणाकडं निघालात, त्याचं आमंत्रणपत्र जोडा, असं त्यात होतं. ज्याच्याकडं जायचं तो मातीखाली, आता आमंत्रण कुणाचं आणायचं? मग कुणीतरी सुचवलं, बोटीच्या सहलीतून जा, गटाचं काम होऊन जातं. आणि झालं की. पासपोर्टवर शिक्का बघून माणिकप्पा टूर कंपनीच्या जिन्यात बसून रडले होते, ते फक्त विशाखानं पाहिलं.

तिनं मग मनावरच घेतलं. दफनभूमीच्या ऑफिसला पत्र लिहून रांग आणि नंबर मागवला. तिथं फूलझाड लावण्यापुरती वीतभर माती उकरता येते, हेही विचारून घेतलं. बंदरावर टॅक्सी कुठं लागते, पहिल्या उतारूंना कधी सोडतात, बोट सुटायच्या किती आधी परत चढायचं, सगळं तिनं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिलं. माणिकप्पांनी तो कागद घरी देवळीत लावला. जाणं अर्धा तास, येणं अर्धा तास, चढण्या-उतरण्याचा एक, वाट चुकण्याचा एक. मुलापाशी सहा तास राहत होते.

"सहा तास लई झाले," कमलम्मा म्हणाली. पाच वर्षांत माणिकप्पांनी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

ती तयारीला लागली. बोटीवर खुरपं नेऊ देत नाहीत असं कळल्यावर तिनं स्टीलचा मोठा चमचा काढला, आणि लेकाचं लिंग त्याच्यापाशी मातीत ठेवायला लागेल तेवढा वीतभर खड्डा करायला किती वेळ लागतो ते परसात करून पाहिलं. गुडघ्यांना सवय व्हावी म्हणून ती रोज संध्याकाळी उदगीर स्टेशनच्या फलाटावर चालायला जाई, तेही पायात बर्फाचे बूट घालून. भर मे महिन्यात, लुगड्याखाली गुडघ्यापर्यंतचे काळे बूट घालून ही बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत खटखट चालायची. हमाल हसायचे. एकानं विचारलंही, "अव्वा, कुठं निघालाव?"

"लेकाकडं," कमलम्मा म्हणाली.

निघायला सतरा दिवस राहिले असताना विशाखाचा फोन आला. काका, गुरुवारची वाट बघू नका, उद्याच या.

माणिकप्पा आले. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. बोटवाल्यांनी मार्ग बदलला होता. ट्रोम्सो वगळलं होतं, त्याच दिवशी बोट आल्टा नावाच्या गावाला लागणार होती, सकाळी दहा ते दुपारी तीन. कारण दिलेलं नव्हतं. असं करायचा त्यांना हक्क असतो, ते छापील अटींत लिहिलेलं असतं, विशाखा म्हणाली, आणि म्हणताना तिची मान खाली होती.

"तिथून गाडी करून?"

"जायलाच सहा तास लागतात, काका. अन् गट सोडून ऱ्हाता येत न्हाई, व्हिसा गटाचा हाय. मी कालपासून फोन करून राहिले. सगळीकडं."

"बोट त्या गावावरून तर जाईल?"

"रात्रीची जाईल. लांबून, समुद्रातून. दिसणार न्हाई काही."

 माणिकप्पा म्हणजे चाळीस वर्षं बाजारात काढलेला माणूस. एक माल नाही मिळाला तर गिऱ्हाइकाला हात हलवत परत धाडायचं नाही, दुसरा दाखवायचा, ही खोड हाडात मुरलेली. त्या खोडीनंच घात केला.

"आल्ट्याला दफनभूमी असंल न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

विशाखाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं पडदा परत स्वतःकडं वळवला. "काका, हे मला सांगू नका."

"तिला इंग्रजी वाचता येत न्हाई. थडग्याचा फोटो आला तो एप्रिलातला, सगळा बर्फच बर्फ. दगड दगडासारखाच असतोय, पोरी. तिला तेवढी माती उकरू दे, ते ठिऊ दे. तिचा जीव थंड होईल. मी एकटाच काय ते घिऊन मरतो."

"काकूंना विचारा आधी."

"ती मरंल हे ऐकून."

"तरी विचारा, काका."

"विचारीन. तू नुसतं किती लांब हाय तेवढं सांग."

विशाखानं नाही म्हणायला हवं होतं. तिला ते पुढंही वाटत राहिलं. पण समोर म्हातारा हात जोडून बसला होता. तिनं शोधलं आणि सांगितलं, बंदरापासून साधारण चार किलोमीटर. माणिकप्पांनी पेन काढून तळहातावर लिहून घेतलं.

घरी येऊन त्यांनी देवळीतला कागद काढला. वेळ बदललीय म्हणाले, नवा कागद देते म्हणाली ती पोरगी. आता दहा ते तीन.

"म्हंजे पाच तास," कमलम्मा म्हणाली. "जाणं-येणं काढलं तर किती?"

"आता ते जवळ हाय. चारच किलोमीटर."

"अकरा होतं की."

"बोट दुसऱ्या धक्क्याला लावणार हाईत."

तिनं मान हलवली. माणिकप्पा सुटल्यासारखे हात धुवायला गेले, आणि तळहातावरचा आकडा साबणानंही लवकर जाईना.

नंतरचे चार दिवस ती फलाटावर गेली नाही. पायाला फोड आलाय म्हणाली. माणिकप्पांना ते खरं वाटलं, कारण खरं वाटून घ्यायची त्यांना गरज होती. सहलीच्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता आणि त्यात डॉक्टरीणबाईंनी नव्या गावाविषयी तक्रारींचा पाऊस पाडला होता, आणि पुतण्याची बायको अंजू सगळे मेसेज कमलम्माला मोठ्यांदा वाचून दाखवते, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. एवढा हिशेबी माणूस, पण नेमका तिथं गाफील राहिला.

पाचव्या दिवशी सकाळी ते चहा घेत होते. कमलम्मा समोर सुपात तूर निवडत होती.

"आल्ट्यात कुणाचं लेकरू हाय?" तिनं विचारलं.

 माणिकप्पांनी कपबशी खाली ठेवली. ती थांबली नाही. आवाज चढवला नाही, सुपातून मान वर केली नाही.

"मला दुसऱ्याच्या लेकराच्या मातीवर नेऊन बसवणार होता तुम्ही. मी तिथं रडले असते. रुद्रा म्हणून हाक मारली असती. अन् तुम्ही बाजूला उभं ऱ्हाऊन बघितलं असतं."

"कमला, तुला सोसलं नसतं म्हणून—"

"तवाही फोन तुम्हीच घेतला. मी आतच होते. दहा पावलं न्हवती. मला हाक मारली असती तर मी काय म्हणाले असते, जाळा का पुरा, ते मला अजून ठाऊक न्हाई. पाच वर्षं मी तेच इचारून राहिले स्वतःला. कदाचित मीबी पुराच म्हणाले असते. पण म्हणाले असते ना मी." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "मी आई होते त्याची. मला एकदा इचारायचं होतं. ह्या टायमालाबी न्हाई इचारलं."

 तिचं बोलणं शब्दाला शब्द खरं होतं. पाच वर्षं ते स्वतःला सांगत आले होते की आपण रीत पाळली. आज कळलं की रीतीला कुणी नावं ठेवलीच नव्हती. बायको एका हाकेसाठी झुरत होती आणि ती हाक मारायची वेळ नियतीनं दुसऱ्यांदा दिली, तीही त्यांनी घालवली.

तेवढ्यात खाटेवरचा मोबाइल वाजला. विशाखा होती.

"काका, आल्ट्याची यादी आज दुपारपर्यंत पाठवायचीय. तुम्हा दोघांच्या नावापुढं काय लिहू? बाकी सगळे खडकांवर कोरलेली जुनी चित्रं बघायला निघालेत. तुम्ही उतरणार का बोटीवरच ऱ्हाणार? का येणंच रद्द करू? तुम्ही म्हणाल तसं करते."

माणिकप्पा उत्तर द्यायला लागले, आणि अर्ध्या शब्दावर थांबले. मग उठले, दोन पावलं चालून कमलम्मापाशी आले, आणि गुडघ्यावर हात टेकत तिच्यासमोर जमिनीवर बसले. फोन तिच्यापुढं धरला.

"तू सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं. मी काहीच सांगत न्हाई तिला. तू सांग, कमला."

फोनमधून विशाखा "काकू? हॅलो, काकू?" म्हणत होती. कमलम्मानं एकदा फोनकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं पाहिलं, जसं दारात आलेल्या अनोळखी माणसाकडं बघतात. मग तिनं सूप थोडं दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि तूर निवडू लागली.

माणिकप्पांचा हात भरून आला तरी त्यांनी फोन धरूनच ठेवला. थोड्या वेळानं विशाखानं पलीकडून फोन ठेवून दिला.