कळंब-उमरगा, बारवेच्या तळाशी

कळंब. येरमाळा.

बारवेच्या खालच्या पायरीवर मांडी घालून, डोळे मिटून उत्तरेश्वर तात्या पुटपुटत होते. एसटीत कंडक्टरकी करण्यात जन्म गेला. मंत्र एकही पाठ नाही, पण कळंब-उमरगा गाडीचे थांबे झोपेतही यायचे. वर काठावर मुरमानं भरलेला टिप्पर उभा होता. पूजा संपली की तो बारवेत रिकामा होणार होता. म्हणून पूजा संपू द्यायची नव्हती.

एवढंच.

येडशी.

बारव कुणी बांधली, गावात कुणाला ठाऊक नाही. बहात्तरच्या दुष्काळात अख्खं गाव हिच्या पाण्यावर जगलं आणि भूकंपात हिचा एक दगड हलला नाही, हे मात्र सगळ्यांना ठाऊक. तरी रस्ता सरळ करायचा म्हणून सरपंच इंद्रजितनं ती बुजवायचं ठरवलं. तात्यांनी तालुक्याला हेलपाटे घातले, जिल्ह्याला घातले. "आमच्याकडं येत न्हाय ते." सगळीकडं हेच.

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी तात्यांनी काठावरच्या एका धोंड्याला तेल-शेंदूर फासला, दोन डोळे चिकटवले, पुढं नारळ फोडला.

जेसीबीवाल्यानं चपला काढल्या. हात जोडले. "देवाला बकेट लावनार न्हाय म्या," म्हणाला आणि मशीन घेऊन परत गेला.

त्या दिवशी तात्यांना भाकरी गोड लागली.

धाराशिव. तुळजापूर.

मग कुणाची तरी चुकलेली म्हैस सापडली. कुणाच्या तरी पोरीचं लगीन जमलं. धोंड्यापुढं रांग लागली, रांगेत इंद्रजितसुद्धा. आणि श्रावण सरायच्या आत ठरलं की देवाला सभामंडप पाहिजे. मंडपाला जागा पाहिजे. जागा कुठं आहे तर

बारवेत.

तात्या बैठकीत उठले. "आरं, शेंदूर म्या लावलाय. ह्या हातानं. देव-बिव काय न्हाय तितं."

"तात्या, हात तुमचा आसंल," इंद्रजित मवाळपणे म्हणाला. "बुद्धी कुनी दिली?"

बैठक उठली तेव्हा तिघेचौघे तात्यांच्याच पाया पडून गेले.

नळदुर्ग.

आज सकाळी टिप्पर काठाला लागला तसे तात्या पायऱ्या उतरून तळाशी जाऊन बसले. 'टाका, माझ्यावर टाका,' असं म्हणायचं होतं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. वरून ड्रायव्हरनं वाकून पाहिलं.

"पूजा चाललीया. होऊ द्या, थांबू आपन."

कुणीतरी उदबत्तीचा पुडा खाली आणून दिला.

जळकोट. येणेगूर. उमरगा.

उमरगा आलं की गाडी वळवायची. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग. पुन्हा कळंब, पुन्हा वळवायची. घसा सोलवटला. ऊन समोरच्या भिंतीवरून वर चढत गेलं, खाली नुसता गारवा उरला. शेवटची उदबत्ती विझून तिची राख पायरीवर पडली.

"तात्या, आरतीचं बघा की आता," इंद्रजित वरून म्हणाला. "टिप्पर भाड्याचा हाय. देव बी इतका येळ एका जागी बसत न्हाय."

वर हशा झाला.

इंजिन सुरू झालं. टिप्पर हातभर मागं सरकला. काठावरून चार खडे सुटले आणि पाण्यात पडले.

मग तात्यांची बायको, कमलबाई, पायऱ्या उतरून आली. शेंदूर तेलात कालवून दिला होता तो तिनंच. ती शेजारी बसली, डोक्यावर पदर घेतला. तात्यांचे ओठ अजून हलत होते, पण नावं गळायला लागली होती. तुळजापूर. धाराशिव. येरमाळा. कळंब.

"येडशी ऱ्हायलं," ती हळूच म्हणाली.

मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "मंतर चुकला ह्यंचा. परत पयल्यापासनं म्हनावं लागतंय."

वर इंजिन चालूच होतं. बंद झालं नाही, टिप्परही सरकला नाही.

तात्यांनी गाडी पुन्हा वळवली.

"कळंब."

"कळंब," कमलबाई म्हणाली.