क्लचमधल्या खाचा

साहेबरावांचं ते पत्र निळ्या आंतरदेशीय कागदावर आलं होतं आणि त्यात प्रश्न एकच होता. एकतीस वर्षं होऊन गेली, विरूपाक्षप्पांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं म्हणावं तर तेही खोटं. शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ते जपून ठेवलेलं होतं, आणि तेव्हापासून तिसऱ्या खंडातला शब्द अडला तर विरूपाक्षप्पा तो अडलेलाच राहू देत. जन्मभर ग्रंथालयं सांभाळलेल्या माणसाला हे शोभण्यासारखं नव्हतं, पण होतं ते असं होतं.

‘घरचे सगळे म्हणतात, मी घाईत क्लच सोडला,’ साहेबरावांनी लिहिलं होतं. ‘गुणाबाईचंही तेच म्हणणं. माझा हात घट्ट होता असं मला वाटतं, पण आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही. तू रोज ती गाडी चालवायचास. गाडीत काही होतं का? खरं काय ते कळव.’

गोष्ट किनवटची. तिथल्या एका निवासी शाळेत साहेबराव गणित शिकवायचे आणि विरूपाक्षप्पा पुस्तकं सांभाळायचे. विरूपाक्षप्पांकडे वडिलांनी लिलावात घेतलेली काळी, जडशीळ मोटारसायकल होती. थंडीत तिचा क्लच चिकटायचा. दांडी पूर्ण दाबली तरी आतल्या चकत्या एकमेकींना सोडत नसत, आणि गिअर टाकला की गाडी उडी मारून पुढं जायची. विरूपाक्षप्पांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी क्लच दाबून धरायचा आणि पाच-सहा रिकाम्या किका मारायच्या. मग चकत्या सुटत. मेकॅनिककडे जायचं मात्र आज-उद्या करत राहून गेलं होतं.

डिसेंबरात साहेबरावांनी एका दिवसासाठी गाडी मागितली. बायकोला, गुणाबाईंना, माहेरी न्यायचं होतं. चावी देताना क्लचचं सांगायचं विरूपाक्षप्पांच्या ओठांवर आलंच होतं. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एका मास्तरांनी टायर बसल्याचं सांगून गाडी नाकारली होती, आणि शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर त्यांची टिंगल चालली होती. कुणी खडू मागितला तरी ‘टायर बसलंय’ म्हणायचे. चावी पुढं करता करता खोट सांगितली तर साहेबरावांना वाटणार, याच्या जिवावर आलंय. तसं वाटू नये म्हणून विरूपाक्षप्पा गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबरावांनी दारात गाडी सुरू केली. गुणाबाई पुढ्यात वाकून पिशवी उचलत होत्या. गिअर पडला, गाडीनं उडी घेतली, आणि गुणाबाईंचा गुडघा चाक आणि दगडी ओट्याच्या मध्ये सापडला.

त्यानंतर दोनच महिन्यांत विरूपाक्षप्पांना लातूरला कॉलेजात नोकरी लागली. गाडी ट्रकमधून आणून त्यांनी परसातल्या पत्र्याखाली झाकून ठेवली ती ठेवलीच. ‘मित्राच्या दुःखानं गाडी सोडली हो,’ लोक कौतुकानं म्हणायचे. ते कौतुकही त्यांनी खोडून काढलं नाही. पत्र आलं तेव्हा आठ दिवस लिहू-लिहू म्हणून गेले, मग महिना गेला, मग वर्ष. हळूहळू त्यांनी मनाशी एक सोयीचा संशय जोपासला. तो किकांचा तोडगा म्हणजे कदाचित आपलाच भ्रम असेल. कदाचित साहेबरावांचा हात सुटलाही असेल.

यंदाच्या जानेवारीत मल्लम्मा औशाला एका लग्नाला जाऊन आल्या. चप्पल काढता काढताच त्यांनी नवऱ्याला बातमी सांगितली.

“साहेबरावभाऊ भेटले. गुणाबाईला आता उभं राहवत न्हाई. येत्या शुक्रवारी नांदेडला गुडघ्याचं ऑपरेशन हाय.”

“साहेबराव कसाय?”

“कसे असणार? तिला धरून नेतेत, धरून आणतेत. बारीकशी घडी घालून पदर बी तेच खोचून देतेत. आन् ती चार बायांत म्हणते, ‘ह्यांच्या हाताला गुण न्हाई, त्या दिवशी कळलं.’ हसून म्हणते, पण म्हणते. ते खाली बघतेत. सायकल बी चालवत न्हाईत म्हणं तवापासून.”

विरूपाक्षप्पा त्या रात्री जेवले नाहीत. मल्लम्मांना वाटलं, पित्त झालं.

सोमवारी सकाळीच त्यांनी ईश्वरप्पा मेकॅनिकला बोलावून आणलं. ईश्वरप्पांनी ताडपत्री ओढली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

“शरणू, सर. हिचा मुहूर्त काढायला बरंच पंचांग चाळलं म्हणा की.”

“चालू नाही करायची,” विरूपाक्षप्पा म्हणाले. “क्लच उघडून बघायचाय. आधीपासून चिकटत होता की उभी राहून चिकटला, तेवढं मला सांगा.”

“तीस वर्सं एका जागी उभी केल्यावर माणूस बी चिकटंल. हे कशाला इचारून राहिलात?”

“असंच.”

ईश्वरप्पांनी डाव्या बाजूचं पायदान काढलं, झाकण सोडवलं, खाली पातेलं धरून काळं तेल गाळलं. चकत्या एकीला एक अशा धरून बसल्या होत्या की पातळ पट्टी घालून एकेक उचकटावी लागली. “बघा. उभी राहून झालं हे,” ते म्हणाले. विरूपाक्षप्पांना क्षणभर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

मग ईश्वरप्पांनी चकत्या ज्यात बसतात तो लोखंडी डबा पेट्रोलनं धुतला आणि उजेडात धरला. डब्याच्या कडांवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडखळलं.

“न्हाई सर. माझं चुकलं. हिकडं या. बोट लावा.”

विरूपाक्षप्पांनी बोट लावलं. चकत्यांचे दात जिथं टेकतात तिथं प्रत्येक कडेला बारीक खाच पडली होती, करवतीनं ओढल्यासारखी.

“ह्या खाचा उभं राहून पडत न्हाईत. चालून पडतेत. चकतीचा दात ह्यात अडकला की तुम्ही कितीबी क्लच दाबा, ती सरकायचीच न्हाई. थंडीत तर मुळीच न्हाई. लई दिवस असंच चालवलीय कुणीतरी.”

“मी.”

“मग धक्का मारत नव्हती?”

“आधी क्लच दाबून पाच-सहा किका मारायचो मी. मग सुटायचा.”

ईश्वरप्पा कानस शोधायला पिशवीत वाकले होते. तसेच वाकलेले असताना सहज म्हणाले, “मग तुम्हाला ठाऊकच होतं की.”

विरूपाक्षप्पा परसातल्या दगडावर बसले. कानशीचा आवाज तासभर चालला. ईश्वरप्पांनी एकेक कड सपाट केली, चकत्या खरवडून बसवल्या, नवी केबल ओवली, गिअरमध्ये टाकून क्लच दाबला आणि मागचं चाक हातानं फिरवलं. चाक गरगर फिरलं.

“एवढंच काम होतं,” ते हात पुसत म्हणाले. “तवाच दाखवली असती तर एका सकाळीत झालं असतं.”

ते गेल्यावर विरूपाक्षप्पा लिहायला बसले. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात नियती होती, माणसाच्या मनाची गुंतागुंत होती, किनवटच्या सागवानातलं धुकंही होतं. वाचून पाहिलं तर चावीचा प्रसंग चौथ्या पानावर तळाला होता. ते त्यांनी फाडलं. दुसऱ्यात माफी इतक्या वेळा मागितली होती की कशाची ते शोधावं लागावं. तेही फाडलं.

मल्लम्मा चहा घेऊन आल्या. टेबलाखाली कागदाचे तुकडे बघून थांबल्या. “काय चाललंय?”

विरूपाक्षप्पांनी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना त्यांची नजर चहावरच होती. मल्लम्मा वाकून टेबलाखालचे तुकडे गोळा करू लागल्या.

“त्या वक्ताला गुणाबाईला दवाखान्यात डबा मी न्यायची,” त्या म्हणाल्या. “तिच्यासंगं मी बी साहेबरावभाऊंना बोल लावला. तुम्ही समोर बसून ऐकत होता.”

“हो.”

“मग लिहा आता. फोन तरी लावा.”

“फोनवर मी दुसरंच काहीतरी बोलेन. मी ओळखतो मला.”

“तर मग माफीबिफी मागं राहू द्या. आधी झालं ते लिहा. आन् शुक्रवारच्या आत गेलं पाहिजे. तिनं त्यांना ती सुई टोचत टोचत ऑपरेशनला जाऊ नये.”

विरूपाक्षप्पांनी नवा कागद घेतला.

‘साहेबराव, गाडीत होतं. थंडीत क्लच सुटत नसे. ते मला ठाऊक होतं आणि चावी देताना मी तुला सांगितलं नाही. आज मेकॅनिककडून उघडून पाहिलं, आतला डबा झिजलेला आहे. तुझा हात घट्ट होता. तू विचारलंस तेव्हाही मी गप्प राहिलो. हे पत्र गुणावहिनींना ऑपरेशनच्या आधी मोठ्यानं वाचून दाखव. माफी मागायला मी समोर येईन. येऊ दिलंस तर. — विरूपाक्ष.’

पत्ता पूर्वीचाच होता. साहेबराव अजून किनवटलाच राहतात, हे मल्लम्मांना लग्नातच कळलं होतं.

पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीशी चार माणसं होती. एकाला पुढं जाऊ द्यावं असं विरूपाक्षप्पांना दोनदा वाटलं आणि एकदा त्यांनी जाऊही दिलं. मग त्यांचा नंबर आला. काचेपलीकडच्या बाईंनी पाकीट तराजूवर टाकलं.

“किनवट. गुरुवारपर्यंत जाईल. आत काय, कागदच ना?”

“कागदच.”

“मोबाईल नंबर सांगा, काका. पोचलं की मेसेज येतो.”

नंबर सांगताना ते मधेच अडले, पुन्हा पहिल्यापासून सांगितला. बाईंनी पाकिटावर पट्टी चिकटवली आणि मागं न बघता ते पोत्यात टाकलं.