मढच्या बोटीची चौकशी

फुकट कोणी कोणाला नेत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली शेवटची अकरा पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनवर. त्यात एक गोष्ट शिकलो. माणूस कसा आहे हे त्या माणसाला विचारायचं नसतं. त्याच्या इस्त्रीवाल्याला विचारायचं, वॉचमनला विचारायचं, समोरच्या दारातल्या बाईला विचारायचं. माणूस स्वतःबद्दल गोडच बोलतो, हरामखोर असला तर जरा जास्तच गोड.

तर माझी पोरगी अपूर्वा एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "पप्पा, मी पोर्तुगालला चाललेय. विमानाने नाही, जमिनीवरून."

"जमीन पाकिस्तानातून जाते," मी म्हटलं.

"म्हणून तेवढा तुकडा समुद्रातून. मुंबई ते मस्कत, शिडाच्या बोटीने. नऊ-दहा दिवस. पुढे बस, ट्रेन, मिळेल ते."

"तिकीट काढलंस?"

"तिकीट नसतं हो. लिफ्ट घ्यायची."

घ्या! हायवेवर लिफ्ट घेतात हे ऐकून होतो. समुद्रात लिफ्ट? मग तिने समजावलं. स्वतःची शिडाची बोट घेऊन लांबलांब फिरणारे लोक असतात म्हणे. त्यांना हाताखाली माणसं लागतात. ते नेटवर जाहिरात टाकतात. आपण दोर ओढायचे, जेवण करायचं, रात्री पहारा द्यायचा, आणि ते आपल्याला पुढच्या बंदराला सोडतात. हिला सोडणारा होता कोणी कॅप्टन विद्याधर सोहोनी, वय एकसष्ट, मुलुंडला घर, बोट मढला उभी. सोबत त्याची बायको असणार. असणार म्हणे!

माझं डोकं फिरलं. पण पोरगी सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी, हात धरून बसवणार कशी? तीच म्हणाली, "तुम्ही जाऊन बघा ना. तुमच्या पद्धतीने चौकशी करा. खोट सापडली तर मी जाणार नाही, शब्द देते. पण खोट खरी पाहिजे. 'मला वाटतं' चालणार नाही."

बायको आतून तिच्या मालवणीत म्हणाली, "जावा, बघून येवा एकदा. हयसर बसान माझा डोक्या कित्याक खातास?" तिला बरी घाई, पोरीला समुद्रात सोडायची!

आधी मुलुंडला गेलो. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "साहब तो साल में चार महीना दिखते हैं." उरलेले आठ महिने कुठे? त्याला माहीत नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्यांचे कपडे येतच नाहीत. ज्या माणसाचे कपडे इस्त्रीला येत नाहीत त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला उतरलो. ओहोटी होती. खाडीच्या कडेला चिखलात एक पांढरी बोट जरा कलून उभी होती, उंच डोलकाठी, शिडं गुंडाळलेली. मी सरळ तिकडे गेलो नाही. जेट्टीजवळ चहाची टपरी होती, तिथे बसलो. टपरीवालीला म्हटलं, मला अशी बोट भाड्याने पाहिजे, मालक कसा आहे?

"कॅप्टन? माणूस चांगला आहे. पण पोरं टिकत नाहीत त्याच्याकडे."

मी कान टवकारले. "कसली पोरं?"

"येतात ना, बॅगा घेऊन. मुलगे, मुली. दोन-चार रात्री राहतात बोटीवर, मग सकाळी तोंड पाडून निघून जातात. एक मुलगी तर रडत गेली."

"आणि बायको?"

"बायको? मी नाही बघितली कधी."

सापडला! खरं सांगतो, आनंद झाला मला. पोरीच्या बापाला असा आनंद व्हायला नको, पण झाला. चहा तसाच टाकला आणि चिखलातून फळ्या टाकल्या होत्या त्यावरून बोटीपर्यंत गेलो. मनात रिपोर्ट तयार होता. पत्नी अस्तित्वात नाही. मुली रडत जातात. शिफारस नाही.

बोटीवर एक सडपातळ म्हातारा दोर गुंडाळत बसला होता. हाफ पँट, चुरगळलेला शर्ट. मी माझं नाव सांगितलं, जयवंत तोरसकर. पुढे काही बोलायच्या आत तो म्हणाला, "अपूर्वाचे वडील ना? बरं झालं आलात. मीच तुम्हाला फोन करणार होतो."

"तुमची पत्नी कुठे आहे?" मी सरळच विचारलं.

त्याने पायाखालच्या फळीवर टाच आपटली. "मधू, वर ये गं."

झाकण उघडलं आणि एक बाई कमरेपर्यंत वर आली. पांढरे केस, हात कोपरापर्यंत काळे, हातात पाना. "इंजिन उघडलंय हो," ती म्हणाली. "पाच आठवडे झाले, जमिनीवर पाय नाही माझा. अपूर्वाचे बाबा? चहा ठेवते." आणि परत आत गेली.

बरं. बायको होती. "पण ती पोरं रडत का जातात?" मी म्हटलं.

"नापास होतात म्हणून." कॅप्टन हसला नाही. "दोन रात्री इथेच पहारा द्यायला लावतो मी. दर पंधरा मिनिटांनी उठून चौफेर बघायचं आणि वहीत लिहायचं. पहाटे तीनला सगळे झोपतात. तोरसकर, समुद्रात मी झोपतो तेव्हा माझा आणि हिचा जीव त्या पोराच्या हातात असतो. समोरून जहाज आलं आणि पोरगा झोपलेला असला तर आम्ही संपलो. म्हणून मी कोणावर विश्वास ठेवत नाही."

पहाऱ्याचं मला कोणी शिकवायला नको होतं. पण हा माणूस माझ्याच जातकुळीचा निघाला, हे मला अजिबात आवडलं नाही.

"आणि माझी मुलगी?"

"दोन्ही रात्री जागली. एक नोंद चुकली नाही."

दोन्ही रात्री? गेल्या आठवड्यात दोन रात्री ती रेवतीकडे राहायला म्हणून गेली होती. रेवती तिची कॉलेजातली मैत्रीण. म्हणजे रेवतीकडे नव्हतीच! मी वही काढणार, तेवढ्यात कॅप्टनने त्याचीच वही माझ्यापुढे धरली.

"आता मी विचारतो. हे बघा." अपूर्वाचं अक्षर होतं. काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं, त्यापुढे रेवतीचं नाव आणि नंबर. "वडील हयात, पोलिसात होते, आणि मुलगी मैत्रिणीचं नाव लिहिते. मला संशय आला. घरातून पळून येत असेल तर मी तिला नेणार नाही. म्हणून विचारलं तिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पप्पांना फोन केला तर ते आधी चौकशी करतील, मग येतील."

मी त्या पानावरचं रेवतीचं नाव परत वाचलं.

"तीन वर्षांपूर्वी जोगेश्वरीच्या फ्लायओव्हरखाली पडली म्हणे बाइकवरून. हात मोडला. हॉस्पिटलमधून तुम्हाला फोन केला. तुम्ही पहिलं विचारलंत, बाइक कोणाची होती."

विचारलं होतं. बाइक कोणाची, तो मुलगा कोण, त्याच्याबरोबर त्या वेळी तिथे काय करत होतीस. सगळं विचारून झाल्यावर रिक्षा केली होती. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा रेवती तिच्या उशाशी बसली होती. घरी येईपर्यंत अपूर्वा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि मला वाटलं होतं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहे.

मधूबाईंनी चहा दिला. तो कसा होता, सांगता येणार नाही. लाज वाटत होती मला, एका परक्या माणसासमोर चिखलातल्या बोटीत बसून. कॅप्टन म्हणाला, "तुमचं काय ते ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला नेणार नाही."

म्हणजे एक शब्द पुरला असता. पोरगी घरात राहिली असती. खोटं बोलून दोन रात्री बाहेर राहिली, हे कारण काय कमी होतं?

जेट्टीवर येऊन तिला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला तिने.

"काय सापडलं, पप्पा?" आवाज ताणलेला, पासपोर्टच्या रिपोर्टची वाट बघत लोक माझ्यासमोर उभे राहायचे ना, त्यांच्यासारखा.

मला बोलायचं होतं बरंच. तोंडातून निघालं ते एवढंच, "अपू, तो तुझा हात... मोडलेला. दुखतो का गं अजून?"

मग तिने हळूच विचारलं, "कुठला हात, पप्पा?"

मी डोळे मिटले. प्लास्टर आठवलं, त्यावर मैत्रिणींनी पेनाने लिहिलेलं आठवलं. बाइक काळी होती, तिचा नंबर तर आजही पाठ आहे, शेवटच्या चार आकड्यांसकट. त्या मुलाचं नाव, बापाचं नाव, पत्ता, सगळं. पण डावा की उजवा, नाही आठवलं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

"उजवा," ती म्हणाली. ती रडत होती. "थंडीत दुखतो थोडा."

"मग दोर कसे ओढणार तू?"

"डाव्याने सुरुवात करते मी. सवय झालीय."

"बरं," मी म्हटलं. "जा तू."